टिपेऐवजी पगडी

टिप किती द्यायची यावर आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दोन बैठका झाल्या. व्हिसावर एकच झाली होती. आम्ही कोथरूडची आठ जोडपी, सोळा ज्येष्ठ नागरिक, सिंगापूरहून सुटणाऱ्या क्रूझवर पाच दिवस फिरायला निघालो होतो. सगळे निवृत्त, सगळ्यांची पेन्शन वेळेवर, निम्म्यांची मुलं परदेशात. म्हणजे प्रश्न ऐपतीचा नव्हता. प्रश्न तत्त्वाचा होता, आणि तत्त्वाचा प्रश्न निघाला की आमच्याकडे चहा दोनदा होतो.

बोटीचा नियम सरळ होता. माणशी रोज तेराशे रुपयांच्या आसपास सर्व्हिस चार्ज आपोआप बिलाला लागणार. तो केबिन आवरणारे, वाढणारे, भांडी घासणारे यांच्यात वाटला जातो. तिकिटात तो धरलेला नसतो. कोणाला नकोच असेल तर काउंटरवर अर्ज देऊन काढता येतो. हे शेवटचं वाक्य आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या अध्यक्षांनी माहितीपत्रकात शोधून काढलं आणि त्याखाली पेन्सिलीने रेघ मारली. गृहस्थ बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, बारीक अक्षरातलं सगळं वाचणारे.

"टिप ही मर्जीची गोष्ट आहे," ते म्हणाले. "आधीच कापून घेतात तिला टिप म्हणत नाहीत, दंड म्हणतात. आपण तो चार्ज काढून टाकू आणि काम बघून हातात देऊ."

सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बरीच चिडणार आहे, आणि दुसऱ्यांवर चिडणाऱ्या माणसाने आपण काय केलं ते आधी सांगावं.

बोटीवर चढल्या चढल्या अध्यक्षांनी एक अर्ज लिहून काढला. खाली आठ केबिनचे नंबर, समोर सह्यांची जागा. सहीचा कागद समोर आला की आमची पिढी पेन शोधते, मजकूर शोधत नाही. ह्यांनी सही केली, त्याखाली मी केली. मग आम्ही सगळे डेकवर फोटो काढायला गेलो.

आमच्या आठही केबिन एकाच माणसाकडे होत्या. पंचेचाळिशीचा, कानाजवळ केस पांढरे झालेला, अंगात निळा गणवेश. पहिल्या दुपारी दिवे लागत नाहीत म्हणून आम्ही दोघं एकमेकांवर वैतागलो होतो, तेव्हा तो दारातूनच म्हणाला, "ते कार्ड त्या खाचेत घाला, मग लागतील." मराठीत. गुहागरकडचा निघाला. पाच मिनिटांत ही बातमी आठही केबिनमध्ये पोचली आणि असा आनंद झाला की विचारू नका. परमुलखात, समुद्राच्या मध्यावर, आपला माणूस.

आणि तो आपला झाला तिथेच त्याचं नशीब फिरलं. परक्या माणसाला जे सांगायला जीभ अडखळली असती, ते ह्याला बिनदिक्कत सांगता यायला लागलं. सकाळी साडेपाचला बिनसाखरेचा चहा, जो आणणं त्याचं कामच नव्हतं. थर्मासमध्ये गरम पाणी. उशी जाड आहे, दुसरी आण. आता ही पातळ झाली. अध्यक्षांच्या पत्नीच्या बॅगेत लोणच्याची बरणी फुटली तर ते सगळं धुऊन, वाळवून, घडी करून त्यानेच दिलं. एक काका तर रोज त्याच्याकडून गुडघ्याला पट्टी बांधून घ्यायचे. मी पस्तीस वर्षं सरकारी इस्पितळात नर्स होते आणि शेजारच्याच केबिनमध्ये होते, पण मला सांगायचा त्यांना संकोच वाटायचा.

मी नर्स होते हे कळल्यावर तो माझ्याशी थोडं बोलायला लागला. त्याची मुलगी बारावीला होती आणि तिला नर्सिंगला घालायचं त्याच्या मनात होतं. कोणतं कॉलेज बरं, हॉस्टेलला मुली नीट राहतात का, रात्रपाळी कितव्या वर्षापासून लागते, असलं विचारायचा. हात चालू ठेवून विचारायचा. चौथ्या दिवशी सकाळी मी त्याला सहज विचारलं, इथे पगार कसा असतो.

"पगार थोडा असतो, ताई. बाकी तुमच्या चार्जवर."

"आणि कोणी चार्ज काढला तर?"

तो टॉवेलचा हत्ती करत होता. रोज आमच्या पलंगावर काहीतरी प्राणी करून ठेवायचा. सोंडेची घडी घालता घालता, वर न बघता म्हणाला, "काढलेल्या केबिनची यादी आमच्या साहेबाकडे येते."

"आमची आली?"

"पहिल्याच दिवशी आली."

मला वाटलं, निदान हातात पैसे द्यायचे ठरले आहेत ते तरी सांगावं. सांगितलं. तो म्हणाला, काढलेल्या केबिनमधून रोख मिळाली तर ती ऑफिसात जमा करावी लागते, ठेवून घेतली तर नोकरीवर येतं. म्हणजे पेन्सिलीने रेघ मारलेली आमची सगळी युक्ती फुकट होती. बारीक अक्षरातलं सगळं वाचणाऱ्यांनी पुढचं पान उलटलं नव्हतं.

मला राग आला तो आधी स्वतःचा. पहिल्या दिवसापासून ह्या माणसाला माहीत होतं की ह्या आठ केबिनमधून आपल्याला काहीही मिळणार नाही, आणि तरी तो साडेपाचला चहा आणत होता. आम्ही त्याला म्हणत होतो, काय गोड माणूस आहे. मी ह्यांना डेकवर गाठलं.

"अहो, त्याला सगळं माहीत आहे."

सगळं ऐकून घेतल्यावर हे म्हणाले, "मग आपला चार्ज परत लावून घेऊ. दुसऱ्यांना आपण काय सांगणार?"

काउंटरवर गेलो. तिथल्या मुलीने नंबर विचारला, एक कळ दाबली, झालं. एका मिनिटाचं काम होतं.

दुसऱ्यांना आपण काय सांगणार, हे मला मान्य नव्हतं. मी नाश्त्याच्या टेबलावर सगळ्यांना सगळं सांगितलं. पोह्यासारखं काहीतरी मिळालं होतं आणि ते आपल्यासारखं नाही यावर चर्चा चालू होती, ती थांबली.

"त्याने मागितले का?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही."

"मग आपण का ओढवून घेताय?"

कोणी म्हणालं, तिकिटाचे पैसे काय कमी भरलेत? कोणी म्हणालं, पगार द्यायचं काम कंपनीचं. हे खरंच आहे, कंपनीने नीट पगार द्यावा, माझं त्यावर काही म्हणणं नाही. पण कंपनीवरचा राग त्या माणसाच्या खिशातून काढायचा, हा कुठला न्याय? मी हे म्हणाले, आणि मग मी एक चूक केली. त्याच्या मुलीची फी मधे आणली. टेबलावर लगेच दोनचार माना हळहळून हलल्या, आणि एकाने विचारलं, मुलगी हुशार आहे का? मला माझीच चीड आली. मुलीला मधे आणायची गरज काय होती? त्याने ते पैसे लॉटरीत उडवले असते तरी ते त्याचेच होते.

तेवढ्यात अध्यक्षांच्या पत्नी म्हणाल्या, "अहो, पण तो काय परका आहे का? इतकं घरच्यासारखं केलं त्याने आपलं. हातावर पैसे टेकवले तर त्यालाच वाईट वाटेल."

हा शब्द मी साठ वर्षांपूर्वी ऐकला आहे. आमचं घर बौद्धांचं, राहायला स्वारगेटजवळच्या वस्तीत. आई तिथून पायी नारायण पेठेत पाच घरची धुणीभांडी करायला जायची. दिवाळी आली की पाचातली तीन घरं तिची पोस्त बिनबोभाट तिच्या हातात ठेवायची. उरलेल्या दोन घरी तिला पाटावर बसवायचे, चकली-करंजीची ताटली द्यायचे आणि म्हणायचे, तू तर घरच्यासारखी आहेस. आई ती करंजी पदरात बांधून आम्हाला आणायची. एकदा मी म्हणाले, ती लोकं किती चांगली आहेत. तशी आई चुलीपुढून म्हणाली, "घरच्यासारखी म्हन्ले की समजायचं, औंदा काय मिळत नाय."

हे मी त्या टेबलावर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यावरही माना हलल्या असत्या, आणि माझ्या आईबद्दलची हळहळ त्या लोकांनी टोस्टबरोबर खावी अशी माझी इच्छा नव्हती.

अध्यक्षांनी मात्र तोडगा काढला. पुण्यातून निघताना त्यांनी कॅप्टनचा सत्कार करायचा म्हणून एक शाल आणि एक पुणेरी पगडी बरोबर घेतली होती. कॅप्टनच्या ऑफिसातून नम्र नकार आला होता. आता ती शाल-पगडी आपल्या या माणसाला घालायची असं ठरलं. "पैशापेक्षा मान मोठा," ते म्हणाले. टेबलावर एकदम उत्साह पसरला. ज्यांच्या हातून एक रुपया सुटत नव्हता, ते सूत्रसंचालन कोण करणार हे विचारायला लागले.

सत्कार शेवटच्या दुपारी तीन वाजता, आमच्या मजल्यावरच्या लिफ्टसमोरच्या मोकळ्या जागेत झाला. दिवसभरात दुपारी दोन ते चार एवढीच त्याची पाठ टेकायची वेळ असते, हे मला माहीत होतं, आणि मी ते सांगितलंही. "दहाच मिनिटं," असं म्हणून अध्यक्ष पंचवीस मिनिटं बोलले. सातासमुद्रापार मराठी माणूस, कष्टाची परंपरा, वगैरे. तो हात मागे बांधून उभा होता. पगडी लहान झाली. ती डोक्यावर नुसती टेकली होती, म्हणून फोटो संपेपर्यंत त्याने ती एका हाताने धरून ठेवली. शाल घालायला मला बोलावलं, माझा रुसवा काढायला. मी घातली. सगळ्यांसमोर नाही म्हणायला हवं होतं, आणि ते माझ्याकडून झालं नाही. त्याला तिथे आणखी ताटकळत ठेवायची मला लाज वाटत होती, हे खरं, पण ती पळवाटही होती.

मग त्याला मनोगत व्यक्त करायला सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही सगळे मला वडीलधारे. काही चुकलं असेल तर माफ करा. माझ्या सहा केबिन आवरायच्या राहिल्यात."

टाळ्या पडल्या. मी म्हणाले, "काउंटर उघडं आहे. चार्ज परत लावायला कोण येतंय माझ्याबरोबर?" कोणी माझ्याकडे बघितलं नाही. काकांनी गुडघा चोळला. अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले, "आपला वैयक्तिक निर्णय आपण घेतलात, उत्तम. समूहात फूट पाडू नका." आणि मग समूहाचा फोटो निघाला. मी त्यात नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायच्या आधी तो आमच्या दारात आला. हातात पगडीचा डबा, वर शालीची घडी. "ताई, आमच्या खोलीत आम्ही चौघं झोपतो. हे ठेवायला जागा नाही. टाकून दिलं तर बरं दिसत नाही. तुम्ही न्याल का?"

मी डबा घेतला. म्हटलं, आमचा चार्ज आम्ही परत लावलाय.

"माहीत आहे. काल यादी नवीन आली. आठाच्या सात झाल्या." त्याच्या बोलण्यात ना उपकार होता, ना तक्रार. मी त्याचा फोन नंबर लिहून घेतला, माझा लिहून दिला, मुलीच्या ॲडमिशनच्या वेळी फोन कर म्हणाले. त्याने तो खिशात ठेवला आणि पलंगावरच्या चादरी ओढायला लागला. पुढची माणसं अकरा वाजता चढणार होती.

पुण्यात आल्यावर दोन महिन्यांनी अध्यक्षांचा फोन आला. संघातल्या एकांची पंचाहत्तरी होती, सत्कार ठरला होता.

"ती पगडी आपल्याकडे आहे असं कळलं."

"आहे."

"ती संघाची आहे."

"तुम्ही ती त्याला दिली होती."

"त्याने नेली नाही. म्हणजे ती संघाकडे परत यायला हवी."

"सात केबिनचा चार्ज घेऊन या. मी तो त्याच्यापर्यंत पोचवते. पगडी त्याच दिवशी परत देते."

ते म्हणाले, "आपण साध्या गोष्टीला फार ताणताय," आणि फोन ठेवला.

रविवारी मी सत्काराला गेले. शेवटच्या रांगेत बसले. व्यासपीठावर नवी कोरी पगडी होती, लाल, जरीची, पहिलीपेक्षा भारी. शेजारी अध्यक्षांच्या पत्नी येऊन बसल्या, तेव्हा मी विचारलं, "नवीन आणलीत? बैठक कधी झाली?"

त्या माझ्याकडे बघून हसल्या. "अहो, बैठक कशाला? लागतेच ना ती."