ढोरांचा डॉक्टर

हगवण लागलेल्या वासराच्या मानेची कातडी डॉक्टर चिमटीत धरून ओढायचे आणि सोडायचे. कातडी तशीच उभी राहिली की मालकाकडे वळायचे. "पानी तोडं ना? सांग, तोडं ना पानी?"

मालक मान खाली घालायचा. आमच्या कोरीट गावाकडे रीतच ती. हगवण लागली की दूध-पाणी बंद! वरून घातलं तर खालून आणखी वाहील, हे आमचं शहाणपण. मग गुरांच्या दवाखान्यातले हे ड्रेसर, ज्यांना आम्ही डॉक्टरच म्हणायचो, चारचौघांत त्याला सोलून काढायचे. "निम्मं व्हायरस मारस, निम्मं तू मारस!" एका म्हाताऱ्याला तर त्यांनी दुपारपर्यंत उन्हात बसवून पाण्याचा थेंब दिला नाही. "आते कसं वाटस, बाबा?" आम्ही पोट धरून हसलो. तुम्हीही हसला असता.

मग मीठ-साखरेचं पाणी बाटलीनं घोट घोट वासराच्या घशात. बहुतेक वासरं उठायची.

माझी पोर नऊ महिन्यांची होती. आधी उलट्या, मग पाण्यासारखी हगवण. ड्रेसर आमच्याच गल्लीतले. रडणं ऐकून दारात आले, साबणानं धुतलेले हात ओलेच.

"भाऊ, पोरले पानी देत ऱ्हाय. वासरूले धरस त्या व्हायरसना भाऊच पोरसले धरस. आनि आत्तेच नंदुरबारले हाई साथ लई चाली ऱ्हायनी."

आई आतून ओरडली, "मन्ही नात काय ढोर शे का?"

मी हसलो. खरंच हसलो हो! "डॉक्टर, तुम्ही गोठा सांभाळा," म्हणालो आणि दार लोटलं. बायकोच्या हातातली पाण्याची वाटी मीच काढून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी नंदुरबारला नेलं. वाटेतच गेली.

दारात माणसं जमली. कुणीतरी विचारलंच, "पोरले पानी देत व्हतात ना?"

ड्रेसर मागे उभे होते. आता हा मला सोलणार, असं वाटलं. सोलावं, असंही वाटलं. ते पुढे आले.

"बापनी रातभर चमचा चमचा पानी पाजं. मी सोता देखं."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

पुढे त्यांची तळोद्याला बदली झाली. सगळी गल्ली निरोपाला गेली, मी गेलो नाही. अजूनही कुणी म्हणतं, "तू तं काही कमी करं नई, भाऊ." तेव्हा बायको उठून आत जाते.