पदराकडे जाणारा हात

आधी काकूंचं सांगते, मग नाटकाचं. नाहीतर सांगण्याच्या भरात वाटायचं की सगळं मीच केलं.

काकू म्हणजे आमच्या टेलरिंगच्या दुकानाच्या वर राहणाऱ्या. कोर्टात टायपिस्ट होत्या, आता निवृत्त आहेत. नगरला मी आले तेव्हा माझी ना ओळख ना पाळख. त्यांनी घरातली मागची खोली मला राहायला दिली, नाटकात घेतलं, माझी वाक्यं स्वतःच्या आवाजात मोबाईलमध्ये भरून दिली, आणि ऐन वेळेला स्वतःच्या नाटकाची दोरी माझ्या हातात देऊन बाजूला झाल्या. ही शेवटची गोष्ट कोण करतं? मी तरी अजून दुसरं कोणी पाहिलं नाही.

माझं गाव पाथर्डीच्याही पलीकडे. तिथून पुढे जीप मिळाली तर मिळाली. शाळा सातवीनंतर सोडली. सोडली म्हणजे सुटली. दिवाळी झाली की आमचं घर ऊसतोडीला निघायचं, आणि परत येईपर्यंत वर्गातली पोरं पुस्तकाच्या शेवटच्या धड्यावर असायची. लग्न झाल्यावर दोन हंगाम नवऱ्याबरोबरही तोडीला गेले. मग तो पुण्याला टेम्पोवर लागला, आणि मला शिवण येतं म्हणून मी इथे, छावणीजवळच्या या दुकानात. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, जाताना एवढंच बजावलं होतं, की नाव ठेवायला जागा ठेवू नको. काही कानावर आलं तर मशीन गावात पण चालतं. आबा रागीट नाहीत. पण ते एकदा बोलले की परत बोलत नाहीत. त्यामुळे मला नगरमध्ये सदा एक धाकधूक असायची. कोणी मोठ्याने हाक मारली तरी वाटायचं, झालं, आता बोलावणं आलं.

दुकानात सगळं फौजेचं काम. विजारींच्या उंच्या कमी करायच्या, नावाच्या पट्ट्या लावायच्या, बटणं बसवायची. तर एक दिवस काकू खाली आल्या आणि मालकांना म्हणाल्या, खाकी साड्या करायच्यात, बायकांच्या पलटणीसाठी. मालक हसले. त्यांना वाटलं काकू चेष्टा करतात.

चेष्टा नव्हती. काकूंची आत्या दुसऱ्या महायुद्धात फौजेत होती. बायकांना तेव्हा दफ्तराचं, टेलिफोनचं, गाड्यांचं काम असायचं, आणि आपल्याकडच्या बायका खाकी साडी नेसून ते करायच्या. मला हे ऐकूनच कसंतरी झालं. खाकी साडी! साडी म्हणजे घर आणि खाकी म्हणजे बाहेर, असं माझ्या डोक्यात पक्कं. आणि या बायका दोन्ही एकदम अंगावर घालून फिरत होत्या. आत्याबद्दल काकूंना फार ठाऊक नव्हतं. जेवढं ठाऊक होतं त्यावरून त्यांनी एक नाटक लिहिलं होतं आणि पहिल्याच तालमीला सगळ्यांना सांगून टाकलं होतं, की आत्या खरी, साडी खरी, बाकी सगळं माझ्या पदरचं.

काम बायकांचं म्हणून मालकांनी माझ्याकडे ढकललं. मापं घ्यायला, साड्या बसवायला मी रोज संध्याकाळी तालमीला जायला लागले, आणि तिथून हलावंसंच वाटेना. नाटकात एक गाडीवाली होती. लॉरी चालवणारी. स्टेशनवर जखमी सैनिकांची आगगाडी आलीय, ब्लॅकआऊट म्हणून गावातले दिवे बंद, पुरुष ड्रायव्हर सगळे दुसऱ्या कामावर गेलेले, आणि कर्नल म्हणतो की अंधारात बाईच्या हातात लॉरी देणार नाही. तेव्हा ती पुढे येते, सॅल्यूट करते आणि म्हणते, ‘साहेब, गाडी तयार आहे. मीच नेणार.’ एवढंच. काम छोटं, पण त्या वाक्याला दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा. टाचण्या तोंडात धरून मी खाली बसलेली, आणि वर हे चाललेलं.

गाडीवालीचं काम करणाऱ्या ताई बँकेत होत्या. त्यांची बदली झाली देवळाली प्रवऱ्याला. रोज येऊन-जाऊन तालमीला पोचणं त्यांना जमेना. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मागे पाहिलं, की कोणाकडे बघतात.

मी वाचू शकते, पण बोट ठेवून. कोणी समोर असलं की अक्षरं पळतात. हे मी काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, बरं झालं, नट वाचायला लागले की बोलायचे थांबतात. आणि मोबाईल मागितला. मग मी दिवसभर मशीनवर, कानात वायर, कानात काकू. कर्नल पण त्याच, गाडीवाली पण त्याच, मधेच कुकरची शिट्टी पण भरली गेलेली. मालक म्हणायचे, ही सुईला काय सारखं ‘होय साहेब’ म्हणते?

वाक्यं बसली. हात बसेना.

कर्नलचं काम एक गुरुजी करायचे. निवृत्त मुख्याध्यापक, आबांच्याच वयाचे, तशाच पांढऱ्या मिशा. पहिल्या तालमीत ते समोरून आले, मी टाचा जुळवल्या, उजवा हात वर नेला, आणि हात कपाळाशी थांबायच्या ऐवजी मागे गेला, पदर धरला आणि डोक्यावर ओढून आणला. डोक्यावरची फौजेची टोपी खाली पडली. मला कळलंसुद्धा नाही. समोर मोठं माणूस आलं की आमच्याकडे सुनेचा हात असाच जातो, त्याला डोक्याची परवानगी लागत नाही.

गुरुजी म्हणाले, “अगं, ही लढाई आहे. हळदीकुंकू नाही.”

सगळे हसले, मीही हसले. पण दुसऱ्या दिवशी तेच झालं, आणि तिसऱ्या दिवशीही. मग कोणी हसेना. सॅल्यूटचा हात आणि पदराचा हात अगदी एकाच वाटेने वर जातात, कानापर्यंत. तिथून एक पुढे वळतो, एक मागे. माझा मागेच वळायचा.

काकूंनी मग मला सराव लावला. सकाळी मशीनवर बसण्याआधी त्यांच्या बैठकीत जायचं आणि काकांच्या फोटोला सॅल्यूट करायचा. काका वारून बरीच वर्षं झाली, पण फोटोत चांगले करारी दिसतात. पहिल्याच सकाळी मी फोटोसमोरही पदर घेतला. काकू चहा घेत बसल्या होत्या. म्हणाल्या, “ते जिवंत असताना मी कधी घेतला नाही. तू कशाला त्यांना सवय लावतेस?”

असं रोज. हळूहळू फोटो जमला. गुरुजी दहातून पाच वेळा जमायला लागले. उरलेल्या वेळांसाठी मी माझ्या धंद्यातला उपाय काढला. पदर कमरेशी घट्ट आणून आतून टाक्यांनी ब्लाउजला शिवून टाकायचा. मग हात गेला तरी पदर येणार नाही, ओढ बसली की हाताला आपोआप आठवेल. काकूंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, झकास, हुशार आहेस. त्या दिवसापासून मी निश्चिंत होते. म्हणजे माझ्या मानाने निश्चिंत.

प्रयोगाचा दिवस आला. नाट्यगृहाच्या मागच्या बाजूला आमची बायकांची खोली, एकच आरसा, सहा खाकी साड्या, आणि त्या सगळ्या मी शिवलेल्या, बसवलेल्या. एकीच्या निऱ्या काढ, दुसरीचा बिल्ला लाव. इतका आनंद झाला होता की मी मध्येच सगळ्यांकडे बघत उभी राहत होते. पलटणच दिसत होती खरी! आणि त्यात आरशात मी पण.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन. तो म्हणाला, आबा निघालेत, पाथर्डीवरून एसटीत बसलेत, पोचतीलच. मी विचारलं, कशाला? तर म्हणे, मीच सांगितलं त्यांना, सून नाटकात हाय, बघून तर या. त्याला वाटलं मला आनंद होईल. डोक्यावर पदर नसणार हे सांगितलं का, असं मी विचारलं. तर म्हणाला, “ते आता तूच बघ.”

मी खालीच बसले.  सगळ्या गावाच्या म्हाताऱ्यांत आबांचा शब्द शेवटचा, आणि त्यांची सून भर स्टेजवर उघड्या डोक्याने एका मिशीवाल्यापुढे उभी राहून ‘मीच नेणार’ म्हणणार. नगर सुटलं. दुकान सुटलं, खोली सुटली. मला तर जीपमध्ये माझी पेटी ठेवलेलीच दिसायला लागली.

काकूंना सांगितलं. त्या स्वतः नाटकात पलटणीच्या मोठ्या बाई, त्यांचा मेकअप अर्धाच झालेला, एक भुवई काळी, एक पांढरी. मला वाटलं त्या म्हणतील, घाबरायचं काय त्यात, किंवा म्हणतील, आता वेळ नाही. त्यांनी मला विचारलं, आबा कसे आहेत. मी सांगितलं. त्यांनी टेबलावरची कात्री माझ्या हातात दिली.

“टाके उसव. पदर मोकळा राहू दे,” त्या म्हणाल्या. “डोक्यावर घ्यावासा वाटला तर घे. टोपी मी काढून ठेवते, गुरुजींना सांगते, ते सांभाळून घेतील. नाटक माझं आहे, पण डोकं तुझं आहे. शिवून बांधून तुला तिथे उभी करणार नाही मी.”

आणि खरंच गेल्या, गुरुजींना सांगायला. एवढे महिने झटून बसवलेलं नाटक, त्यातला तो एक क्षण, आणि काकूंनी तो माझ्यावर सोडला. मी टाके उसवले. घाईत एका ठिकाणी कापडही थोडं फाटलं. टोपी समोर होती. काकूंनी ती बाजूला ठेवली होती, पण माझ्या हाताला येईल अशी. मी बराच वेळ तिच्याकडे बघत होते. मग घातली. का घातली ते सांगता येत नाही. मोकळा पदर खांद्यावर होता म्हणून घालता आली, असं आता वाटतं.

स्टेजवरून समोरचं काही दिसत नाही. सगळा काळोख. पण मला दिसायची गरज नव्हती. माझी एंट्री झाली आणि डाव्या बाजूने आबांचं खाकरणं ऐकू आलं. घरात शिरण्याआधी सुनांना कळावं म्हणून ते जे खाकरतात, अगदी तेच. आमच्या घरात त्या आवाजाला सगळ्या बायकांचे हात एकदम वर जातात.

माझाही गेला. खांद्यापर्यंत गेला, कानापर्यंत गेला. बोटांना पदराचं कापड लागलं, मी स्वतः काठ घातलेलं. समोर गुरुजी कर्नल होऊन उभे, त्यांच्या डोळ्यांत मला दिसलं की ते दोन्हीला तयार आहेत. आणि हात पुढे वळला. कपाळाशी येऊन थांबला. थांबला तो असा, की मला वाटलं आता तो खाली यायचाच नाही.

‘साहेब, गाडी तयार आहे. मीच नेणार.’

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. उसाच्या फडात या टोकावरून त्या टोकाला हाक मारायचा आवाज तो, तोच निघाला. गुरुजी खरेच दचकले. मग टाळ्या. टाळ्या संपेपर्यंत थांबायचं असतं हे मला कोणी शिकवलं नव्हतं, मी तशीच टाचा आपटत निघून गेले आणि विंगेत काकूंवर जाऊन आदळले. त्यांनी मला धरलं. आणि लगेच स्टेजवर गेल्या, पुढची एंट्री त्यांची होती.

प्रयोग संपल्यावर मी तशीच, खाकी साडीत, टोपी हातात घेऊन बाहेर आले. आबा पायऱ्यांच्या कडेला उभे होते. काकू माझ्यामागे दोन पावलांवर उभ्या राहिल्या. आता मी डोक्यावर पदर घेतला. हे घर होतं, ती पलटण होती, असं काहीतरी मनात आलं. आबा माझ्याकडे न बघता रस्त्याकडे बघत होते. कापड कुठलं, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. शिवलं कोणी? मी म्हटलं, मीच. सगळ्यांचं? व्हय, सगळ्यांचं.

मग त्यांनी मान वळवून माझ्या हातातल्या टोपीकडे पाहिलं. 

“पल्टनीत डोक्यावर टोपी असती,” ते शेवटी म्हणाले. “टोपीवर पदर कसा काय घ्यायचा? त्ये न्हाई जमत.”

मी मान डोलावली.

“तवा ऱ्हा हितंच. पर सासूला सांगशील तवा टोपीचं आदी सांग.” आणि जरा थांबून, काकूंकडे बघून, “बाई, आवाज लई हाय हो आमच्या सुनंचा. घरात कदी ऐकला न्हाई.”

काकू म्हणाल्या, “आम्हीही नव्हता ऐकला.”

आबांना एसटीत बसवून आलो आम्ही. वाटेत मला हसू आवरेना, आणि रडूही. काकू रिक्षात माझ्या शेजारी, एक भुवई पुसलेली, एक तशीच.

काकू, हे तुम्हीच वाचणार, आणि चुका काढणार. काढा. पण एक मी इथे लिहून ठेवते. आमच्या गावातल्या बायका दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात. त्या निघण्याआधी, एका वर्षी, तुमचं नाटक मी आमच्या गावात लावणार. स्टेज मी उभं करीन, जीप मी ठरवीन, साड्या परत मी शिवीन, आणि तुम्हाला काहीएक करू देणार नाही. तुम्ही पुढे बसायचं, माझ्या सासूच्या शेजारी. कधी, ते अजून सांगता येत नाही. पण करणार, आणि मीच करणार.