इमोजीन आमेन म्हणेना

आमच्या गावात कुणी कुणाची चहाडी करत नाही. चहाडी पाप आहे, असं आमचे पाळक ब्रदर डेल दर दोन महिन्यांनी चर्चमध्ये बजावतात. आम्ही फक्त प्रार्थनेची विनंती करतो. ‘अमक्यासाठी प्रार्थना करा हो, बिचाऱ्याची बायको घर सोडून गेलीय.’ झालं. पाप नाही, उलट पुण्य, आणि बातमी रविवारपर्यंत नदीपलीकडे. या कलेत गेलीन प्रॅटरचा हात धरणारं सबंध केंटकीत कुणी सापडायचं नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि दोष द्यायला जावं तर म्हणणार, मी तर देवालाच सांगत होते.

इमोजीन स्ट्राउड तिच्या अगदी उलट. माझी शेजारीण. कितीतरी वर्षं शाळेची बस चालवतेय. मागे पोरं धिंगाणा घालायला लागली की नुसतं आरशात बघते, आणि बस चिडीचूप होते. बोलणं मोजकं. लोकांना वाटतं, बाई कोरडी आहे. कोरडी कसली? गेलीनवर तिनं बावीस वर्षं डूख धरला होता, आणि चर्चच्या प्रत्येक जेवणात गेलीनच्याच हातचा बटाट्याचा पदार्थ ‘छान झालाय’ म्हणून खात होती. मला जमलं नसतं. मी ते ताट उलटं करून तिच्या डोक्यावर घातलं असतं.

झालं होतं ते असं. इमोजीनची मुलगी शॉना तेव्हा तेरा वर्षांची. चर्चच्या सहावी ते आठवीच्या पोरांचा मेळावा दर बुधवारी कुणाच्या तरी घरी असतो. खाणं, दंगा, बायबलातला एखादा उतारा आणि शेवटी हात धरून प्रार्थना. त्या बुधवारी तो गेलीनकडे होता. शॉनानं स्वयंपाकघरात गेलीनला एकटीला गाठून सांगितलं की बाबा आईवर हात टाकतात. गेलीननं तिला पोटाशी धरलं, कुणाला सांगणार नाही म्हणून शपथ घेतली. आणि अर्ध्या तासात गोल बसल्यावर सगळ्यांसमोर म्हणाली, “आज आपण शॉनाच्या घरासाठी विशेष प्रार्थना करू या. तिचे बाबा रॉय रागाच्या बंधनात आहेत.” रविवारी चर्चच्या पायरीवर कुणीतरी रॉयच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालं, आम्ही तुझ्यासाठी प्रार्थना करतोय हं.

त्या रात्रीपासून इमोजीनला डाव्या कानानं ऐकू येत नाही.

रॉय पुढे हृदयविकारानं गेला, सुटली ती. पण शॉना गेली ती गेलीच. आपण तोंड उघडलं म्हणून आईचा कान गेला, हे त्या पोरीनं मनाशी इतकं घट्ट धरलं की त्यानंतर तिनं कुणाला काही म्हणजे काही सांगितलं नाही. आईलासुद्धा. अठराची झाली आणि ऑरेगनला निघून गेली. नाताळला फोन करते, हवापाण्याचं बोलते आणि ठेवते. आणि गेलीन? ती अजून चर्चमध्ये उभी राहून साक्ष देते की आमच्या प्रार्थनेनं स्ट्राउडांचं घर सावरलं. अशा वेळी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. इमोजीन शांतपणे स्तोत्रांचं पुस्तक चाळत बसते.

म्हणून गेल्या शरदात तिनं आपणहून बुधवारचा मेळावा घरी घेतला तेव्हा मला शंका आलीच.

“तुला काय सुचलंय हे?” मी खिमा ढवळता ढवळता विचारलं.

“पोरं आवडतात मला.”

“पोरं तू रोज बसमध्ये बघतेस. गेलीन येणार आहे, माहीत आहे ना?”

“ती कुठे येत नाही, नेल्डा? तू मीठ बघ.”

पोरं आली. दाराशी बुटांचा ढीग, सोफ्याच्या उशांची मारामारी. आमच्याकडे या पोरांना मक्याच्या चिप्सची पिशवी फाडून तिच्यातच खिमा आणि चीज ओतून देतात, वर एक चमचा खुपसायचा. ताटंही नकोत, धुणंही नको. गेलीन ब्राउनीचा ट्रे घेऊन आली आणि आल्या आल्या पडद्यांना हात लावून म्हणाली, “अगं, हे अजून तेच का? असू दे, असू दे, घर आपलं वाटतं.” बरोबर तिची नात पेझली, बारा वर्षांची, हाताच्या बाह्या तोंडात घालून चावत होती.

मग घडलं ते ध्यानीमनी नसताना. पेझली चमचा मागायला स्वयंपाकघरात आली आणि फ्रिजला टेकून उभीच राहिली. इमोजीननं एकदा बघितलं, गॅस बंद केला आणि तिच्यापुढे खुर्ची सरकवली. पोर बोलायला लागली. मी सिंकपाशी होते, मी सगळं ऐकलं. काय ते इथे सांगणार नाही. सांगितलं तर गेलीनमध्ये आणि माझ्यात फरक काय राहिला? एवढंच सांगते, ते तिच्या घरातलं होतं, आजीला त्याचा पत्ता नव्हता, आणि बाहेर फुटलं असतं तर त्या पोरीला शाळेत तोंड दाखवता आलं नसतं.

“मिस इमोजीन, आजीला नाही ना सांगणार?”

“नाही.”

पेझली गेली. इमोजीननं ओट्यावर दोन्ही हात टेकले. तिच्या चेहऱ्याकडे बघून मी नळ बंद केला. बावीस वर्षांनी देवानं सुरी तिच्या हातात आणून दिली होती, धार लावून.

“इमोजीन,” मी म्हणाले, “ती लेकरू आहे गं.”

“बाहेर चल. प्रार्थनेची वेळ झाली.”

सगळे गोल बसले. पोरांचा तरुण पाळक कोडी यानं गिटार बाजूला ठेवली. इमोजीननं गेलीनला आपल्या डाव्या हाताला बसवून घेतलं, तिच्या पलीकडे पेझली. हातात हात गुंफले, डोळे मिटले. मी एक उघडा ठेवला. पोरांनी विनंत्या सांगितल्या, कुणाच्या कुत्र्याचा पाय, कुणाची गणिताची परीक्षा. मग इमोजीन म्हणाली, मी करते.

“हे पित्या, आज माझ्या स्वयंपाकघरात एका मुलीनं मला काही सांगितलं.”

पेझली पांढरीफटक पडली. गेलीन मात्र मिटल्या डोळ्यांनी पुढे झुकली.

“ते तू ऐकलंयस. ते तुझ्यामाझ्यात राहील.”

पोरीनं श्वास सोडला. मीही.

“पण फार वर्षांपूर्वी माझ्या शॉनानं असंच एका बाईला सांगितलं होतं. त्या बाईनं शपथ घेतली आणि तुझं नाव घेऊन सगळ्या गावाला सांगितलं. त्या रविवारी माझ्या घरात काय झालं ते तू बघितलंस. ती बाई आज इथे आहे, पित्या. तिचा हात माझ्या हातात आहे. तिला तुझ्याशी बोलायचंय. आम्ही थांबतो.”

आणि ती थांबली. आमच्यात प्रार्थना करणारा आमेन म्हणेपर्यंत कुणी हात सोडत नाही, मध्ये बोलत नाही. कोडीनं तोंड उघडलं आणि मिटलं. गेलीन इमोजीनच्या कानाशी फुसफुसली, “हात सोड माझा.” पण तो कान डावा होता.

“आमेन,” गेलीन मोठ्यानं म्हणाली. दोन-तीन पोरंही मागून म्हणाली.

“अजून नाही,” इमोजीन म्हणाली.

भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. शेवटी गेलीन म्हणाली, “मला वाटलं, मदत होईल.”

“मला नको सांगूस. त्याला सांग. खरं ते सांग.”

“मला... सगळ्यांच्या आधी मला सांगायचं होतं,” गेलीन म्हणाली. पेझलीनं आजीच्या हातातून आपला हात काढून घेतला.

“आमेन,” इमोजीन म्हणाली. “ब्राउनी खा रे पोरांनो.”

पोरं बूट शोधत असताना गेलीननं तिला दाराशी गाठलं. डोळे सुजलेले, काजळ गालावर. मला वाटलं, माफी मागेल.

“काय सांगितलं तुला पेझलीनं?”

“मुलीचं मुलीपाशी.”

“माझी नात आहे ती. मला कळायला नको?”

“तिला वाटलं तर सांगेल.”

“ती नाही सांगणार,” गेलीनचा आवाज फुटला, आणि मग जित्याची खोड वर आली. “आणि तू कोण गं मोठी लागून गेलीस? तुझी स्वतःची मुलगी तरी तुला काही सांगते का?”

मी पुढे झाले, पण इमोजीननं मला हातानं मागे सारलं.

“नाही सांगत,” ती म्हणाली. “बावीस वर्षं झाली. आता तूही बघ, कसं वाटतं ते.”