कॅप्टन गावंडे यांची प्रामाणिक पेटी

कात्रजचं सर्पोद्यान आमच्या नीलपर्ण सोसायटीपासून दोन किलोमीटरवर आहे. तिथे तिकीट काढावं लागतं. आमच्याकडे वार्षिक सभेच्या दिवशी प्रवेश मोफत.

अठ्ठेचाळीस फ्लॅट, सात मजले, एक लिफ्ट. या सोसायटीने तीन वर्षांपूर्वी कॅप्टन रंगनाथ गावंडे यांना चेअरमन केलं. त्याआधी नऊ वर्षं शर्मिलाबाई चेअरमन होत्या. लोकांना त्यांचा कंटाळा आला होता, आणि त्यांना लोकांचा त्याच्याही आधी आला होता. तेव्हा कोणीतरी म्हणालं, जो माणूस वादळातून एकशे ऐंशी लोकांना सुखरूप खाली उतरवतो, त्याला अठ्ठेचाळीस फ्लॅट काय जड आहेत? सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. विमानातले ते एकशे ऐंशी लोक पट्टा बांधून, फोन बंद करून, समोर तोंड करून बसलेले असतात आणि त्यांना मत नसतं, हे त्या वेळी कोणाच्या डोक्यात आलं नाही.

कॅप्टन मूळचे अकोल्याकडचे. तेहतीस वर्षं विमान चालवून पासष्टाव्या वर्षी निवृत्त झाले. उंच, ताठ, पांढरा शर्ट नेहमी इस्त्रीचा. पहिल्या सर्वसाधारण सभेला ते म्हणाले, "सभा चार मिनिटं उशिरा सुरू होत आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व." शर्मिलाबाई पुटपुटल्या, "नाश्ता कधी देणार, तेही सांगा." आम्ही हसलो. कॅप्टनही हसले, पण त्यांना विनोद कळलेला नव्हता. तो त्यांना तीन वर्षांत कधीच कळला नाही.

माणूस कामाचा होता, हे मान्य करायला हवं. जिन्यातले दिवे, गच्चीचं कुलूप, आग विझवायचे सिलिंडर, सगळ्याच्या याद्या केल्या आणि त्या तपासून घेतल्या. सीताराम या आमच्या पंपवाल्यासाठी तर चौदा मुद्द्यांची यादी पंपाशेजारी टांगली. सीताराम अकोल्याकडचाच. बायको नंदा हिच्याबरोबर मीटररूमशेजारच्या खोलीत अकरा वर्षं राहत होता. पहाटे पालिकेचं पाणी आलं की पंप लावून वरची टाकी भरायची हे त्याचं मुख्य काम. नंदा वर तीन घरी स्वयंपाक करायची. कॅप्टन त्याच्याशी वऱ्हाडी बोलायचे आणि तेवढा वेळ पुण्यात राहत असल्यासारखे दिसायचे नाहीत. सीतारामनेही ते चौदा मुद्दे एखाद्या स्तोत्रासारखे पाठ केले होते.

मग कॅप्टनना प्रामाणिक पेटीची कल्पना सुचली. विमानांच्या जगात म्हणे अशी पद्धत आहे. आपली चूक आपण होऊन कळवली तर शिक्षा नाही, कारण शिक्षेच्या भीतीने माणूस चूक लपवतो आणि लपवलेली चूक पुढे दुसऱ्या कोणाचा तरी जीव घेते. कॅप्टन हे सांगताना इतके गंभीर झाले की आम्ही पाचही कमिटी सदस्यांनी ठरावावर सह्या केल्या. चोवीस तासांच्या आत स्वतःची चूक लिहून पेटीत टाकणाऱ्याला कोणतीही शिक्षा होणार नाही. पेटी लिफ्टशेजारी लागली. किल्ली तटस्थ माणसाकडे हवी म्हणून माझ्याकडे आली. कॅप्टनच्या चुकांची कोणी यादी केली, तर ही चूक वरच्या नंबरात घालावी लागेल.

पहिल्या महिन्यात एकतीस चिठ्ठ्या निघाल्या. कॅप्टन हरखून गेले. मग वाचू लागले. चारशे दोनचा कुत्रा. पाचशे एकचा मुलगा आणि त्याची बुलेट. सहाशे तीनमधल्या भाडेकरूकडे येणारा भाऊ खरंच भाऊ आहे का, याची चौकशी व्हावी.

"पण यात स्वतःची चूक कुठे आहे?" कॅप्टननी मला विचारलं.

"अहो, असती तर लिहिली नसती का?" मी म्हणालो.

अठ्ठेचाळीस फ्लॅटमध्ये स्वतःची चूक असलेला एकही माणूस निघाला नाही. तो निघाला मीटररूमशेजारच्या खोलीत.

झालं असं. जानेवारीत एका संध्याकाळी गेटवरचा वॉचमन आला नाही. कॅप्टन खाली गेले. मी तिथेच कट्ट्यावर होतो.

"सीताराम, आजची रात गेटवर बसशीन काय?"

"बसतो नं साहेब."

एवढंच बोलणं. नियमाइतकी झोप झाल्याशिवाय तेहतीस वर्षांत कॉकपिटचं दार न उघडलेल्या माणसाने सीतारामला दिवसभराच्या कामावर रात्रीचा पहारा दिला आणि वर जाऊन झोपला. पहाटे पाणी आलं. सीतारामने पंप लावला, खुर्चीत टेकला आणि त्याचा डोळा लागला. टाकी भरून वाहिली, पाणी लिफ्टच्या खड्ड्यात उतरलं आणि लिफ्ट चार दिवस बंद.

आता गंमत बघा. मेकॅनिक आला, त्याने टाकीच्या जुन्या पाइपला दोष दिला आणि बिल लावून गेला. सगळ्यांना ते पटलंही होतं. सीताराम गप्प बसला असता तर आजही तो त्या खोलीत चहा पीत असता. पण संध्याकाळी मी पेटी उघडली तर आत वहीचं पान फाडून लिहिलेला कागद. 'पंप चालू करून खुर्चीत बसलो. डोळा लागला. टाकी वाहिली. पाणी लिफ्टमध्ये गेलं. चूक माझी आहे. सीताराम.' रात्रभर गेटवर बसल्याचं त्याने लिहिलं नव्हतं. ती त्याची चूक थोडीच होती.

कॅप्टननी कागद दोनदा वाचला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "पाहिलंत? पेटी चालते!" आणि दुसऱ्या दिवशी ती चिठ्ठी त्यांनी सूचना फलकावर लावली, सर्वांनी धडा घ्यावा म्हणून. मात्र नियमाप्रमाणे नाव गुप्त ठेवलं. 'सीताराम' या अक्षरांवर काळी पट्टी मारली आणि वर स्वच्छ अक्षरांत लिहिलं, 'आपल्या एका पंप ऑपरेटरचा स्तुत्य प्रामाणिकपणा.'

हजारो वैमानिकांत एकाचं नाव झाकलं तर झाकलं जातं. नीलपर्ण सोसायटीत पंप ऑपरेटर किती? एक. कॅप्टन फलकावर टाचणी टोचत होते तेव्हा मी शेजारीच उभा होतो. मला सगळं दिसत होतं. मी बोललो नाही. म्हटलं, बघू या.

नऊ वाजेपर्यंत सातव्या मजल्यापर्यंत पोहोचलं. सहाव्या मजल्यावरच्या सुशीलाबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. लिफ्ट बंद पडल्यापासून त्या वर अडकल्या होत्या. त्यांनी फोनवर फोन केले. "मी वर मरून पडले असते तर यानं चिठ्ठी टाकली असती!" शर्मिलाबाईंनी मात्र आवाज चढवला नाही. इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंगसाठी ती मीटररूमशेजारची खोली त्यांना दोन वर्षांपासून हवी होती. त्यांनी विशेष सभा मागवली.

सभा रविवारी सकाळी पार्किंगमध्ये भरली. सीताराम खांबाशी उभा, नंदा खोलीच्या दारात. सगळ्यांना माहीत होतं कशाचा निकाल आहे. सीतारामची नोकरी गेली की खोली गेली.

कॅप्टननी ठराव वाचला. स्वतः कळवलेल्या चुकीला शिक्षा नाही. कमिटीच्या पाच सह्या आहेत. विषय संपला असं त्यांना खरोखर वाटलं.

शर्मिलाबाई उठल्या. "कॅप्टन, मला विमानातलं काही कळत नाही, म्हणून विचारते हं. ड्यूटीवर झोपलेला पायलट असेल, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या हातात तुम्ही विमान द्याल?"

"नाही," कॅप्टन म्हणाले.

दुसरा कोणीही असता तर म्हणाला असता, बाई, पंप म्हणजे विमान नव्हे. किंवा चहा मागवला असता. पण प्रश्न सरळ होता आणि उत्तर त्यांना माहीत होतं.

"मग आमची मुलंबाळं ज्या लिफ्टने जातात, ती याच्या भरवशावर का ठेवता?"

"चौकशी होईपर्यंतच देत नाहीत, बाई. पगार चालू असतो, आणि नंतर..."

पुढचं कोणी ऐकलं नाही. सुशीलाबाई ओरडत होत्या, मागून कोणी टाळ्या वाजवत होतं. कॅप्टन हात वर करून सर्वांना शांत राहायला सांगत होते. विमानात हे काम हवाई सुंदरी करतात. हात वर झाले, मोजले. सदतीस विरुद्ध चार. माझा हात कुठे होता ते विचारू नका, तो सदतिसात होता.

सीताराम खांबापासून हलला नाही. फक्त कॅप्टनकडे बघून त्याने विचारलं, "साहेब, मंग ती पेटी?"



दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीत आणखी एक चिठ्ठी निघाली. इस्त्री केल्यासारखी घडी, टाइप केलेला मजकूर. 'कालच्या सभेत मी महत्त्वाची माहिती दिली नाही. त्या रात्री सीतारामला मीच गेटवर बसवलं होतं. त्याची विश्रांती झाली आहे का, हे तपासणं माझं काम होतं. मूळ चूक माझी आहे. रंगनाथ गावंडे.'

"काल का नाही बोललात?" मी त्यांना विचारलं.

"जेवढं विचारलं, तेवढंच सांगितलं. सवय." मग म्हणाले, "बोललो असतो तर सगळे माझ्याकडे वळले असते."

संध्याकाळी कमिटी बसली. कॅप्टननी राजीनामा टेबलावर ठेवला आणि सीतारामला परत घ्यायची मागणी केली. शर्मिलाबाईंना आम्ही खास बोलावलं होतं. त्यांनी चिठ्ठी वाचली, चष्मा पुसला.

"सीतारामचा ठराव जनरल बॉडीचा आहे. तो कमिटीला बदलता येत नाही. आणि ही चिठ्ठी कालच्या चुकीची ना? चोवीस तासांच्या आत आहे?"

"आहे," कॅप्टन म्हणाले.

"मग प्रश्नच नाही. नियमाप्रमाणे शिक्षा नाही. राजीनामा मागे घ्या. पाच सह्या आहेत तुमच्याच ठरावावर."

कॅप्टन राजीनाम्याचा कागद पुन्हा पुन्हा पुढे सरकवत होते आणि आम्ही तो पुन्हा पुन्हा मागे सरकवत होतो. त्यांना शिक्षा हवी होती. आम्हाला चेअरमन हवा होता, कारण दुसरं कोणी ते काम करायला तयार नव्हतं. खोली रिकामी करण्याच्या पत्रावर मग चेअरमन म्हणून सही त्यांनाच करावी लागली.

महिनाअखेरीस टेम्पो आला. गॅसची शेगडी, दोन पेट्या, गाद्या. सुशीलाबाईंनी सहाव्या मजल्यावरून वाकून विचारलं, "नंदा, माझ्या पोळ्यांना येत राहशील ना गं?" नंदाने वर पाहिलंसुद्धा नाही. कॅप्टन यादी घेऊन खाली उभे होते. नव्या माणसाला ताबा द्यायचा होता. एजन्सीने पाठवलेला तो इसम मोबाइलवर क्रिकेट बघत होता.

"पंपाची किल्ली?"

"देली."

"गच्चीची?"

"देली."

"टॉर्च?"

"देली साहेब. सेल नवे टाकले हायेत."

कॅप्टन एकेक खूण करत गेले. चौदाव्या खुणेनंतर त्यांचं पेन थांबलं. सीताराम टेम्पोत चढला आणि चढता चढता मागे वळला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा मला लगेच ऐकू येतो.

"साहेब, तुमची चिठ्ठी माफ झाली म्हने. बरं झालं. एकाची तं झाली."