मेले म्हणजे वर

बंगळुरातला माझा पहिला दिवस एका गैरसमजाने सुरू झाला. लग्नाला सहा महिने झाले होते, ह्यांना इथल्या कारखान्यात नोकरी लागली होती, आणि एक ट्रंक, एक वळकटी आणि आईने हट्टाने दिलेला पाटा-वरवंटा घेऊन आम्ही स्टेशनवरून जटक्याने चिकपेटच्या मागच्या गल्लीत येऊन उतरलो. जटका म्हणजे इथला टांगा. ठरलेले आठ आणे ह्यांनी दिले, तरी जटकेवाल्याचा हात पुढेच. म्हणाला, “मेले नाल्काणे कोडी, स्वामी.” बाकी काही कळलं नाही, पण ‘मेले’ तेवढं लख्ख कळलं. मी घाबरून विचारलं, “अहो, कोण मेले?”

घराच्या पायरीवर उभे असलेले एक उंच गृहस्थ ठसका लागेपर्यंत हसले. “अहो बाई, कुणी मेलं नाही! कन्नडात मेले म्हणजे वर. वरचे चार आणे मागतोय तो.” मग त्यांनी जटकेवाल्याला दोनच शब्द ऐकवले, “मेले बेडा!” वरचं काही मिळणार नाही. तो पुटपुटत निघून गेला. हे आमचे घरमालक दत्तोजीराव. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणे आणि त्यांच्या बायकोला अक्का. नवराबायकोला अशी भावाबहिणीची नावं घेऊन हाक मारताना माझी जीभ सुरुवातीला अडखळायची. मग सवय झाली.

अण्णांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड होतं, आणि माझं पुणेरी मराठी त्यांना पुस्तक वाचल्यासारखं वाटे. ते एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. कुणी खिडकीवर काम झाल्यावर खुशीने एखादं नाणं ठेवून गेला, तर अण्णा अनवाणी त्याच्यामागे रस्त्यावर धावत जायचे आणि नाणं त्याच्या खिशात घालून परत यायचे. एकदा ते पार बसपर्यंत धावले होते. ज्याची पावती नाही ते घ्यायचं नाही आणि द्यायचंही नाही, एवढं त्यांचं साधं गणित होतं. “मेले फक्त छप्पर असावं, ताई,” ते मला म्हणत. “बाकी काय नको.”

भाजीवालीकडे चार पैशांसाठी घासाघीस मात्र ते कधी करत नसत. सांगितलेला भाव मुकाट्याने देत. त्यामुळे त्यांना चिक्कू म्हणायची सोय नव्हती. हट्टी म्हणायची होती, आणि मी ती पुरेपूर वापरली.

हट्टात अक्काही काही कमी नव्हत्या. त्यांचं माहेर येलहंक्याला, खातंपितं. धाकट्या बहिणीच्या लग्नाला त्या जटक्यातून गेल्या, तेव्हा सख्खा भाऊ चार पाहुण्यांसमोर हसला होता, “बघा, आमची राणी जटक्यातून आली!” अक्का तिथेच म्हणाल्या की आता येईन ती स्वतःच्या गाडीतून. मी ऐकलं तेव्हा त्या बोलण्याला नऊ वर्षं झाली होती. येलहंक्याला आई होती, म्हातारी, डोळ्यांनी अधू. दारावरून मोटार गेली की ती विचारायची, “आमची आली का गं?” मी अक्कांना म्हटलं, भाड्याची गाडी करू, मी येते सोबत. त्या म्हणाल्या, “बोलून बसले की मी. आता भाड्याच्या गाडीतून कुठल्या तोंडानं जाऊ?”

शेवटी अण्णांनी वडिलांची एक जागा विकली आणि मोटारीसाठी नाव नोंदवलं. निम्मे पैसे रोख द्यायचे, उरलेले हप्त्याने. त्या काळी नाव नोंदवलं की वर्षानुवर्षं वाट बघायची. नंबर कुठवर आला हे विचारायला अण्णा दर महिन्याला दुकानात जात, आणि परत आले की अक्का दारातच विचारत, “काय म्हणाले?” अण्णांचं उत्तर ठरलेलं, “स्वल्प थांबायला पाहिजे.” हे ‘स्वल्प’ चार वर्षं चाललं.

त्याच सुमारास अक्कांना दम लागायला लागला. दोन पायऱ्या चढल्या की भिंतीला टेकून उभ्या राहत. डॉक्टरांनी अण्णांना बाजूला घेऊन काळीज कमजोर झाल्याचं सांगितलं, आणि अण्णांनी ते मला सांगितलं. अक्कांना कुणीच सांगितलं नाही, पण त्यांना ठाऊक होतं.

आणि मग एक दिवस हप्त्याने गाड्या मिळवून देणारा एक दलाल घरी आला. त्याच्याकडे एक गाडी तयार होती, दुसऱ्या कुणाच्या नंबरावरची. आठ दिवसांत दारात उभी करतो म्हणाला. किंमत तीच, व्याज तेच. फक्त, त्याने आवाज खाली आणला, “मेले एरडु साविर.” वर दोन हजार. अण्णांनी विचारलं, “पावती देणार?” तो हसला.

मी तिथेच अक्कांच्या शेजारी बसून शेंगा सोलत होते. अक्कांनी आयुष्यात नवऱ्याजवळ काही मागितलं असेल असं मला वाटत नाही. त्या खाली मान घालून हळूच म्हणाल्या, “या एका वेळी द्या की.”

दोन हजार अण्णांकडे होते, प्रश्न पैशांचा नव्हताच. पण ते म्हणाले, “स्वल्प थांब. आपला नंबर येतोच आहे.”

“सरी,” अक्का म्हणाल्या. बरं. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. मला मात्र राहवलं नाही. दलाल गेल्यावर मी अण्णांना अंगणात गाठून खूप बोलले, बोलू नये तेही बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाले, “ताई, चाळीस वर्षं लोकांमागं धावून पैसे परत दिले. आता मीच देऊ?” मला त्यांचा राग आला होता आणि ते मला खरेही वाटत होते.

अक्का दोन महिन्यांनी गेल्या, सकाळी, फुलं निवडता निवडता. त्यानंतर तीन आठवड्यांनी नंबर आल्याचं पत्र आलं.

गाडी काळी होती. अण्णांना चालवता येत नव्हती, म्हणून एक ड्रायव्हर बोलावला आणि पहिल्याच दिवशी आम्ही येलहंक्याला गेलो. अण्णा पुढे बसले, मी मागे, आणि माझ्या शेजारच्या जागेवर अक्कांची हिरवी इरकल घडी करून ठेवलेली. गाडी दाराशी थांबली तशी ओसरीवरून म्हातारीचा आवाज आला, “आली का गं माझी पोर?” लेक गेल्याचं तिला सांगितलेलं होतं. ती विसरत असे. जटक्यावरून हसलेला तो भाऊ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. अण्णांनी म्हातारीला हाताला धरून गाडीपाशी आणलं आणि तिचा हात दारावर ठेवला. “ही तिची गाडी, अत्ते,” ते म्हणाले. सासूला ते कन्नडातच हाक मारत. म्हातारी पुढून मागपर्यंत सगळी गाडी चाचपत गेली.

परत आल्यावर अण्णांनी ड्रायव्हरला ठरलेले पैसे दिले आणि वर पाच रुपये. “मेले इट्टुको,” वरचे ठेव म्हणाले. तेव्हापासून ते सगळ्यांना वरचे पैसे द्यायला लागले. जटकेवाला, पोस्टमन, फुलवाली. न मागता. फुलवाली नको म्हणाली तर तिच्यामागे धावत जायचे, पूर्वी लोकांमागे धावायचे तसेच अनवाणी. मला बघवत नसे. एकदा मी अडवलं, तर म्हणाले, “दोन हजार व्हायचेत अजून, ताई.”

पुढे ह्यांची बदली झाली आणि आम्ही पुण्याला परतलो. वर्षभराने गल्लीतल्या शेजाऱ्याचं पोस्टकार्ड आलं, वाकड्यातिकड्या मराठीत एकच ओळ: ‘अण्णा मेले.’

मला आधी रागच आला. वारले म्हणावं, गेले म्हणावं, मेले काय म्हणतात? मग तोच शब्द मी कन्नडातून वाचला. कार्ड हातात घेऊन मी दारात आले. “अहो बाई, कुणी मेलं नाही,” असं ठसका लागेपर्यंत हसत सांगायला या वेळी पायरीवर कुणी नव्हतं.