अकरा महिने आमच्या घरात कोण राहणार

घर भाड्याने दिल्याशिवाय आम्हाला देशाबाहेर पडता येणार नव्हतं, आणि घर भाड्याने द्यायला माझं मन घेत नव्हतं. सगळं घोडं तिथे अडलं होतं. लोक विचारायचे, या वयात पाठीवर बोचकं घेऊन परदेशात कशाला हिंडायचं, झोपणार कुठे, खाणार काय. त्या प्रश्नांचं मला काही वाटायचं नाही. त्यांची उत्तरं नवऱ्याकडे तयार होती.

नवरा विक्रोळीच्या एका कारखान्यात होता. कंपनीने स्वेच्छानिवृत्तीची योजना काढली आणि त्याने ती घेतली. मुलगा तोवर बंगळुरूला नोकरीला लागला होता. नवरा महिनाभर मुलुंडच्या घरात नुसता बसून राहिला आणि एके दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाला, "आपण बाहेर जाऊ या. बरेच महिने."

"गावाला?" मी विचारलं. आमचं गाव कणकवलीच्या पुढे.

"नाही गं. व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया, इंडोनेशिया. टूरबिर नाही. आपलं आपण, स्वस्तात, सावकाश."

मी हातातली मेथी खाली ठेवली. मीही नुकतीच निवृत्त झाले होते, पण त्याआधी आयुष्यभर एका पतपेढीत कर्जाचे अर्ज तपासले. समोरचा माणूस खोटं कुठे बोलतोय ते शोधायचा मला पगार मिळायचा. कामावरून घरी आल्यावर ते बंद करता येत नाही. मी नवऱ्याकडे तसंच बघितलं आणि म्हटलं, "हे तुझ्या डोक्यात कोणी भरवलं?"

"कोणी नाही."

"मग पैसे कोण भरणार?"

त्याने सगळं मांडूनच ठेवलं होतं. एका गावात महिनाभर राहायचं, म्हणजे खोली स्वस्त पडते. सकाळचा नाश्ता बाहेर, रात्रीचं जेवण आपण रांधायचं. विमान फक्त जाताना आणि येताना, मधे बस आणि बोट. आमची पुंजी तिकिटांना, व्हिसाला आणि विम्याला. आजारपणाची रक्कम वेगळी, तिला हात लावायचा नाही. आणि रोजचं राहणं-खाणं आमच्या मुलुंडच्या फ्लॅटच्या भाड्यातून. तिकडे दोघांचा महिन्याचा खर्च इथल्या वन बीएचकेच्या भाड्यात बसत होता. मी त्यात खोट शोधली. दोन दिवस शोधली. सापडेना, म्हणून तर माझं डोकं आणखीच फिरलं.

किती महिने, तर अकरा. कारण मुंबईत घर अकरा महिन्यांच्या करारावर देतात. लोक ऋतू बघून प्रवास ठरवतात, आम्ही भाडेकरार बघून ठरवला.

आता माझी बाजू सांगते. माझ्या वडिलांनी परळच्या चाळीतली आमची खोली गावच्याच एका ओळखीच्या माणसाला दिली होती. बायकोचं बाळंतपण होईपर्यंत राहू दे म्हणाला. बाळ झालं, बाळ शाळेत गेलं, बाळाचं लग्न त्याच खोलीत ठरलं. वडील शेवटपर्यंत म्हणत, "मेल्यान खोली गिळली." भटाला दिली ओसरी, ही म्हण आमच्याकडे कोणी पूर्ण म्हणतच नाही, सगळे मान हलवतात आणि पुढचं समजून घेतात. तेव्हा मी संशयी आहे असं कोणी म्हटलं तर मला राग येत नाही. मी आहेच, आणि त्याला कारण आहे.

दलाल माणसं आणू लागला. कंप्युटरवाली पोरं आली, त्यांना मी बघूनच नको म्हटलं. दोन जण म्हणून येतात आणि गाद्या सहा पडतात. नवं लग्न झालेलं जोडपं आलं, ते चांगलं होतं, पण मुलगी सारखी भिंतींकडे बघत होती. स्वतःच्या घरासारखं बघत होती. एक म्हातारे गृहस्थ आले. म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर कसं काढणार? शेजारीपाजारीच आपल्याला शिव्या घालतील. एक वकील आले, त्यांना तर मी पाणीही विचारलं नाही. वकील, पोलीस आणि लांबचे नातेवाईक यांना घर द्यायचं नाही, हे मुंबईत कुठे शिकवत नाहीत पण सगळ्यांना येतं.

नवरा तयारीला लागला होता. रोज पाठीवरच्या पिशवीत तांदूळ भरून जिना चढायचा-उतरायचा, सवय व्हावी म्हणून. दलालाचा आवाज मात्र कोरडा होत चालला. "मॅडम, तुम्हाला भाडेकरू पाहिजे की जावई?" असं म्हणाला एकदा. मी म्हटलं, जावई परवडला, तो सणाला येऊन जातो तरी.

मग ती आली. मुलुंडमधल्याच एका शाळेत शिकवायची, राहायची विक्रोळीला भाड्याने. मुलगी त्याच शाळेत, दहावीत जाणार, रोजची जाण्यायेण्याची दगदग नको म्हणून इकडे घर हवं होतं. तिचा नवरा जहाजावर नोकरीला. मी मनात म्हटलं, जहाजावरचा नवरा फार सोयीचा. दिसत नाही, विचारता येत नाही.

मी माझ्या अटी सांगितल्या. बेडरूममधल्या एका कपाटाला आमचं कुलूप राहील. ठीक आहे, म्हणाली. लाइट बिल, गॅस, सगळं आमच्या नावावर. ठीक आहे. पोलीस ठाण्यात नोंद, दोघींची कागदपत्रं, शाळेचं पत्र. हो, आणलंय, म्हणाली, आणि पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं. मग मी शेवटची अट काढली. आमचे देव देव्हाऱ्यातच राहतील, आम्ही ते हलवत नाही, आणि दर शनिवारी घाटकोपरहून माझी नणंद दिवा लावायला येईल. देवाचं नाव होतं, पण नणंदेला मी सांगून ठेवलं होतं की आत गेलीस की आधी टूथब्रश मोज.

ती हसली. "येऊ देत ना ताई. मी रोजच लावीन दिवा, पण त्या आल्या तर चहा पिऊन जातील. मला शनिवारी सुट्टी असते."

ती गेल्यावर नवरा म्हणाला, "झालं. हिला देऊ."

"पाणी कुठेतरी मुरतंय," मी म्हटलं.

"कुठे?"

"सगळ्याला हो म्हणाली. शनिवारी परक्या बाईने घरात शिरलेलं कोणाला चालतं? मला चाललं असतं का? जिला एवढं सगळं चालतं तिला घर नको असतं, तिला ताबा पाहिजे असतो."

"अगं, तिला घराची गरज आहे."

"गरजेचीच भीती वाटते मला."

नवऱ्याने पंख्याकडे बघितलं. या आठवड्यात तिकिटं काढली तर ठरलेल्या पैशात बसतील, नंतर नाही, एवढंच तो म्हणाला आणि तांदळाची पिशवी घेऊन जिन्यात गेला.

दुसऱ्या दिवशी मी विक्रोळी गाठली. तिचा पत्ता कागदांवर होताच. बिल्डिंगखालच्या वाण्याला म्हटलं, इथे खोली बघतेय, शेजार कसा आहे? त्याने आपणहून तिचं नाव घेतलं. उधारी नाही, आवाज नाही, मुलीला एकटीने वाढवतेय, नवरा वर्षातून एकदा येतो तेव्हा सगळ्या मजल्याला पेढे. सोसायटीच्या सेक्रेटरीला गाठलं, तोही तेच म्हणाला. समोरच्या बाई तर म्हणाल्या की ती जातेय याचं वाईट वाटतंय. मी परत येताना रिक्षात विचार करत होते, एवढं चांगलं कोणी कोणाबद्दल बोलतं का? आमच्या बिल्डिंगमध्ये तर मेलेल्या माणसाबद्दलही थोडं हातचं राखून बोलतात. ही सगळ्यांना पढवून आलीय, हे माझं पक्कं झालं.

संध्याकाळी बेल वाजली. दारात तीच उभी. एकटी, शाळेच्या साडीतच. नवऱ्याने तिला आत बसवलं. मी चहाचं विचारलं तर नको म्हणाली.

"ताई, एक विचारते," ती म्हणाली. "आज सकाळी तुम्ही आमच्या वाण्याकडे आला होता ना? त्याने मला सांगितलं. ओळखीची खूण म्हणून त्याने तुमची छत्रीसुद्धा सांगितली."

माझं तोंड कडू झालं. पण मी म्हटलं, "चौकशी करायला नको का? घर आहे."

"करायलाच पाहिजे. मला राग नाही आला." ती खरंच रागावलेली नव्हती, दमलेली होती. "मी पण केली तुमची."

"माझी?"

"मला चार घरं सोडावी लागलीयत ताई, मधेच. एकाचा मुलगा अमेरिकेहून परत आला. एकाला फ्लॅट विकायचा होता. एक बाई तुमच्यासारख्याच, वर्षभर मुलीकडे जाते म्हणाल्या आणि तिसऱ्या महिन्यात दारात बॅग घेऊन उभ्या. घर त्यांचं, मी काय बोलणार? सामान बांधलं. या वर्षी मुलीची दहावी आहे. मधेच घर सोडायला लागलं तर तिची वाट लागेल. म्हणून मी काल इथून निघताना तुमच्या खाली विचारलं, ही माणसं खरंच जाणार आहेत का, आणि जाऊन राहणार आहेत का."

"मग?" मी विचारलं. मला वाटलं, आता माझं कौतुक ऐकायला मिळेल.

"साहेब जातील, असं सगळेच म्हणाले." तिने नवऱ्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघायचं टाळलं. "तुमच्याबद्दल वॉचमन म्हणाला की मॅडम गावाला जाताना पनवेलवरून परत आल्या होत्या, गॅस बंद केला का बघायला. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, ती कुठची जातेय, महिनाभरात परत नाही आली तर मला विचारा. इस्त्रीवाला नुसता हसला. मी तिघांना विचारलं ताई. एकानेही तुम्ही राहाल तिकडे असं म्हटलं नाही. म्हणून मी नाही म्हणायला आलेय. फोनवर सांगणं बरं वाटलं नाही."

कागदपत्रं तिने परत मागितली. मी आणून दिली. ती उठली, चपला घालताना देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले आणि गेली.

मी भडकले. साहजिक आहे. काकूंच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, वॉचमनला दिवाळीला काय काय दिलं ते मोजून दाखवलं. दुसऱ्याच्या घराबद्दल बोलायचा यांना काय अधिकार, माझ्या पाठीमागे माझ्या चौकशा, ही काय पद्धत झाली? बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की मी सकाळी कुठे गेले होते. म्हणजे आपण हसे लोकाला आणि शेंबूड आपल्या नाकाला. मी खुर्चीत बसले. नवरा समोरच्या खुर्चीत माझं ऐकत बसला होता.

"तू काहीतरी बोल ना," मी म्हटलं. "तुला माहितेय मी येणार होते ते."

त्याने खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"मी एकट्याचाही हिशेब करून ठेवलाय," तो म्हणाला.

"कसला?"

"एकटा गेलो तर. मग घर भाड्याने द्यायला लागत नाही. तू इथेच राहशील. साठवलेल्या पैशात एकट्याचं भागतं, थोडे महिने कमी होतात इतकंच."

"कधी केलास?"

"त्या जोडप्याला तू नको म्हणालीस, तेव्हा." मग तो अगदी समजुतीने म्हणाला, "रागावलो नाहीये मी. तुला जमणार नसेल तर नाही जमणार. मी फक्त करून ठेवला."

सगळ्या जगाचा मी संशय घेत होते. भाडेकरूंचा, दलालाचा, जहाजावरच्या नवऱ्याचा. आणि माझ्या घरातला माणूस, ज्याच्याबद्दल मला कधी काही विचारावं लागलं नाही, तो मला मागे सोडून जायचं शांतपणे मांडून बसला होता. तो भांडला असता तर मी जिंकले असते. त्याने माझी आशाच सोडली होती, आणि मला न सांगता, मला वाईट वाटू नये म्हणून. मला रडू आलं. त्याच्यासमोरच आलं, आणि मी ते लपवलं नाही.

मग मी फोन उचलला. ती बहुतेक अजून स्टेशनवरच होती, मागे गर्दीचा आवाज येत होता.

"करारात लिहून घ्या," मी म्हटलं. "अकरा महिने पूर्ण होईपर्यंत मालकांना घर परत मागता येणार नाही. मागितलं तर तुम्ही द्यायचं नाही. मी सही करते. आणि शनिवारी कोणी येणार नाही. दिवा तुम्हीच लावा."

ती म्हणाली, "आणि ताई, तुम्हाला तिकडे राहवलं नाही तर?"

खोटं बोलणं सोपं होतं, पण तिने मला पारखलेलं होतं.

"नाही राहवलं तर विमानतळावर बसून राहीन," मी म्हटलं. "पण तुमची बेल वाजवणार नाही."

ती म्हणाली, उद्या शाळा सुटल्यावर कागद घेऊन येते. मी फोन ठेवला आणि मागे बघितलं तर नवरा खुर्चीत नव्हता. मला वाटलं त्याने काही ऐकलंच नाही. आत गेले. तो पलंगावर कागद पसरून बसला होता, आणि माझा पासपोर्ट शोधत होता.