घरीच हाय

तेव्हा मी मीरा रोडजवळच्या पेणकरपाड्यात राहायचे आणि एका संस्थेसाठी पाली आणि चौक या किनाऱ्यावरच्या गावांतल्या कोळी बायकांचा सर्व्हे करायचे. छापील प्रश्न होता, तुम्ही काय काम करता? बाई बांबूंवर बोंबील वाळत घालत असायची, हात खांद्यापर्यंत खारट, आणि मान न वळवता सांगायची, "काय न्हाय. घरीच हाय."

हे जसंच्या तसं लिहून घ्यायला माझा हात धजेना. म्हणून मी पदरचा एक प्रश्न घुसवला : आज उठल्यापासून काय काय केलंत? मग बाई थांबायचीच नाही. मासळी निवडली, धुतली, वाळत टाकली, पाटी घेऊन बाजारात बसून आले. हे सगळं मी त्या प्रश्नाच्या वेगळ्या रकान्यात काम म्हणून नोंदवायचे. छापील प्रश्न तयार करणाऱ्याला मासे फक्त ताटात दिसले असणार.

त्याच गल्ल्यांत दुसऱ्या एका संस्थेचाही अभ्यास चालू होता. बायका वैतागल्या होत्या. "काल एक येऊन गेली, आज तू. तुमी एकमेकींना इचारत न्हाय का?" बरोबरच होतं. ती दुसरी संस्था चालवणाऱ्या ताईंनीच मला हे काम शिकवलं होतं. त्यांच्या घरी मी हक्काने जेवायचे. मी म्हटलं, ताई, दोघींचे प्रश्न आणि उत्तरांना द्यायचे कोड सारखे करू, माहिती एकमेकींना देऊ, बायकांना पुन्हा छळायला नको. त्यांना ते फार पटलं. मीरा रोडच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये बसून आम्ही एकेक रकाना जुळवला. माझ्या त्या प्रश्नावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "हा तर ठेवायचाच. हीच खरी गंमत आहे." मी सगळा डेटा त्यांच्या हाती दिला. पुढचं जुळवणं आणि अहवाल त्या करणार होत्या.

पालीत बोंबील वाळवायची जागा गाड्या लावायला घ्यायचं घाटत होतं. आमचा एकत्रित अहवाल ते ठरवणाऱ्या बैठकीत जाणार होता. मी छाती फुगवून बायकांना सांगितलं, तुमचं काम आता कागदावर आलंय, काळजी करू नका.

अहवाल मी बैठक उरकल्यावर वाचला. या वस्तीतील बहुतेक स्त्रिया कोणतेही काम करत नाहीत, असं त्यात होतं. तशीच ताईंकडे गेले.

"अगं, आमच्या बऱ्याच घरी फॉर्म आधीच भरून झाले होते, तिथे तो प्रश्न विचारलाच गेला नव्हता," चहा गाळत त्या म्हणाल्या. "एकत्र करायचं तर दोन्हीकडे जे आहे, तेवढंच राहतं. तुझा रकाना मग गाळावा लागला, छापील प्रश्नाचं उत्तर तेवढं उरलं. मुदत संपत होती."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

हे त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. चहा तसाच ठेवून उठले. चुकून झालं असतं तर मी भांडून मोकळी झाले असते. पण मी नाही म्हणेन हे त्यांना ठाऊक होतं आणि म्हणूनच त्यांनी विचारलं नव्हतं. हे मला अजूनही गिळता येत नाही. त्यांच्या घराची पायरी मी पुन्हा चढले नाही.

जागा गेली. पावसाळा संपल्यावर पालीला गेले तेव्हा बांबूंच्या जागी स्कूटर आणि टेम्पो उभे होते. मी जिला पहिल्यांदा तो जास्तीचा प्रश्न विचारला होता, ती बाई भर सकाळी दारात बसली होती. हात कोरडे, मांडीवर ठेवलेले. मी काही बोलायच्या आधीच तिने माझ्या खांद्यावरच्या फॉर्मच्या पिशवीकडे बोट दाखवलं.

"लिव आता," ती म्हणाली. "घरीच हाय."